राखेत निवलेलं ताट

—नको, लाल नकोत, हिरव्याच भर. लाल दिसल्या की मामंजी विचारतील, सूनबाई, आज काय विशेष? आणि आज त्यांनी मला काही विचारायला नकोय, आज मी त्यांना विचारणार आहे. पाट ओढून घे आणि बस नीट. हळू गं — हाड मोठं आहे माझं, विसरलीस? नगरला तुमच्या कासार आळीत तुझी आई माझा हात असाच दाबून धरायची आणि म्हणायची, हिच्या हातात बांगडी जाईल, पन ही कुनाच्या हातात यायची न्हाई. सगळ्या बायका हसायच्या. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटायचं. आपल्या दोन घरांमध्ये एक भिंत, तू कासाराची, मी भिक्षुकाची, आणि दोघीही लग्न होऊन येऊन पडलो ह्या नेवाशात — तू दारोदार बांगड्या भरत हिंडतेस आणि मी ह्या एका दाराच्या आत. दाराकडे कशाला बघतेस सारखी? कुणी नाही. मामंजी काल सकाळीच प्रवरासंगमाला गेले, कुणाचं तरी श्राद्ध चालवायला, आज दुपारी जेवायला परत येतील. हे कचेरीत. माझी लेक प्रेमला माजघरात पडलीय, झोप लागलीय तिला. राख? ती राखुंडीची गं. दात घासायची राखुंडी संपली म्हणून काल गोवऱ्यांचा ढीग लावला होता, विझला केव्हाच, नुसती ऊब राहिलीय. तिकडे नको बघूस. बांगड्या भर.

तर काय म्हणत होते मी — शिंप्याच्या ओट्यावर काय सांगितलंस तू? नाही म्हणू नकोस, माझ्या कानावर आलंय. 'लई वंगाळ झालं, बाटल्यालं ताट टिकतंय व्हय?' — हेच ना शब्द? मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, हिनं तरी दुसरं काय बोलायचं? नृसिंहशास्त्र्यांच्या, म्हणजे आमच्या मामंजींच्या घरातलं कांशाचं ताट फुटलं, ते ताट घडवलेलं हिच्या वडलांनी. लोक म्हणाले असते, कासाराचा माल कच्चा. त्यापेक्षा किरिस्ताव बाई त्यात जेवली म्हणून फुटलं म्हटलं की तुमचा माल चोख राहिला, शास्त्रीबुवांचा शब्द राहिला, सगळ्यांचं भागलं. वाईट ठरली ती एकटी एस्तेरबाई, आणि ती काही तुझ्याकडून बांगड्या भरून घेत नाही. बरोबर बोलतेय ना मी? मान खाली घालू नकोस. भांडायला नाही बोलावलं तुला. भांडायचं असतं तर आधी हात कशाला दिला असता तुझ्या हातात?

आता तू म्हणशील, ताट होतं, फुटलं, त्याला आता वर्ष होत आलं, आज कशाला उकरून काढायचं. सांगते. आज काढलं नाही तर उशीर होईल म्हणून काढायचं. प्रेमलाचं पहिलं बाळंतपण आठवतंय ना? आपल्याकडे पहिलं माहेरी करायचं म्हणून आणली पोरीला. लंकाबाई सुईण बसली होती पायाशी, दोन दिवस बसली. पोर नुसती तळमळत होती, मग तळमळायचीही बंद झाली, आणि लंकाबाई हात पुसत बाहेर आली नि मला म्हणाली, बाई, आता देवाचं नाव घ्या. देवाचं नाव मी दोन दिवस घेतच होते. मामंजी तेव्हाही परगावी होते — माझ्या आयुष्यात जे काही बरं घडलंय ते मामंजी परगावी असतानाच घडलंय, हे तुला म्हणून सांगते. ह्यांना मी म्हटलं, मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई आणा. हे म्हणाले, नानांना विचारल्याशिवाय कसं? मी म्हटलं, नाना येईपर्यंत तुमची मुलगी जाईल, मग नानांना तेराव्याचा स्वयंपाक काय करायचा ते विचारू. तेव्हा उठले. आली एस्तेरबाई. एवढीशी बाई, पण पदर खोचला, दार लावून घेतलं आणि जी कामाला लागली — मला आत घेतलं होतं तिनं दिवा धरायला, मी बघितलंय सगळं. तिनं पोर काढली, उलटी धरून पाठीत थोपटली, रडली पोर. प्रेमला वाचली. आणि मग ती बाई ह्या इथं परसात, ह्याच धुण्याच्या दगडापाशी हात धूत उभी राहिली. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं तिच्या.

मी तिला जेवायला वाढलं. माझ्या माहेरच्या ताटात. हाताशी तेच होतं गं, घाई होती, कोण बघतंय त्या वेळेला — असंच सांगितलं मी सगळ्यांना. मामंजींनाही असंच सांगितलं. आणि तू शिंप्याच्या ओट्यावर बसून सांगतेस म्हणून तुला खरं सांगते. पत्रावळी होत्या. कोनाड्यात होत्या, मी हात वर केला होता, एक काढलीही होती. आणि मनात आलं, हिनं आत्ता माझी मुलगी तिच्या ह्या दोन हातांत धरली होती, आणि मी हिला पानावर वाढू? मी पत्रावळ परत ठेवली आणि ताट काढलं. सगळ्यात चांगलं ते. तुझ्या वडलांनी माझ्या लग्नात घडवून दिलेलं ते. आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच काढीन. काढीन म्हणजे — आता कुठून काढणार, असो.

मामंजी आले. त्यांना कळायचं ते कळलंच. पोथीत म्हणे असं आहे की कांशाचं भांडं राख लावून घासलं की शुद्ध, आणि हे त्यांना चांगलं पाठ आहे, पण त्या दिवशी म्हणाले, हा विटाळ साधा नव्हे, ह्याला अग्नीच हवा. ह्याच परसात, इथंच, गोवऱ्यांचा ढीग रचला, मधे माझं ताट ठेवलं आणि पेटवलं. लाल होईस्तोवर. आणि मग तसंच राखेत राहू दिलं. कुणी हात लावायचा नाही, आपोआप निवलं पाहिजे, घाई केली तर शुद्धी अपुरी. दुसऱ्या दिवशी सावकाश काढलं, काळंठिक्कर पडलेलं, मी चिंच-राख लावून उजळलं. आणि दिवाळीला जावईबापू आले तेव्हा वाढायला म्हणून काढलं — माझ्या हातातून निसटलं. कमरेएवढ्या उंचीवरून गं, जास्त नाही. तीन तुकडे. मातीचं परळ फुटावं तसं. सगळे बघत राहिले, आणि मामंजी अगदी शांतपणे म्हणाले, 'सूनबाई, धातूला सुद्धा सोसवलं नाही.'

संपलं. त्या एका वाक्यानं संपलं. ह्यांनी मान हलवली, जावयांनी हलवली, आणि मामंजींच्या मांडीवर कोण बसलं होतं सांगू? प्रेमलाची पोर. एस्तेरबाईच्या हातांत पहिला श्वास घेतलेली. तिला ते स्वतःच्या पानातला वरणभात भरवत होते. पोर नाही बाटली हो, ताट तेवढं बाटलं. हसतेस काय, हस, मलाही तेव्हा हसूच येत होतं आणि मी पदर तोंडात कोंबून तुकडे गोळा करत होते. मामंजी दुष्ट नाहीत गं. दुष्ट असते तर सोपं झालं असतं. प्रेमलावर जीव आहे त्यांचा, तिला ताप आला की रात्र रात्र जप करतात. पण ताट फुटलं आणि त्यांच्या मनाला साक्ष पटली, आता ब्रह्मदेव आला तरी ती बाई ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

आणि तुकडे गोळा करताना, गोजरबाई, मला तुझे वडील आठवले. मच्छिंद्रकाका. आठवतंय तुला, आपण दोघी त्यांच्या भट्टीपाशी बसायचो, तू भाता ओढायचीस आणि मी नुसती बघायची, भटाच्या मुलीनं भात्याला हात लावायचा नाही म्हणून? ताट ठोकून ठोकून पातळ करायचे, मग शेवटी पुन्हा लाल करायचे आणि सांडशीत धरून एकदम हौदात. चर्रर्र आवाज, वाफ, आणि आपण दोघी मागं उड्या मारायचो. पलीकडे लोहार होता, तोही नांगराचा फाळ असाच पाण्यात बुडवायचा. मी विचारलं होतं काकांना, तुमचं आणि त्याचं एकच काम का हो? तेव्हा काय म्हणाले ते? तुला आठवतंय. तुझ्या तोंडावर दिसतंय मला. म्हणाले, 'न्हाई पोरी. लोखंडाला पानी पाजलं की त्ये कडक हुतं. कांसं उलटं हाय. कांसं पान्यात पडलं की मऊ हुतं, मार सोसतं. आन राखंत हळूहळू निवलं की मेलं, हात लावशील तितं फुटंल.' तेच कांसं, तीच आग, एकच रंग — एक झटक्यात निवलं, एक सावकाश, आणि दोघांचा जीव निराळा. काय होतं आत ते देव जाणे, मला नाही कळत. काकांनाही कळत होतं की नाही कोण जाणे, पण हौद त्यांनी कधी रिकामा ठेवला नाही.

आणि हेच ताट, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, विहिरीच्या पायऱ्यांवरून गडगडत तळाला गेलं होतं. काय झालं त्याला? पोचा आला. नुसता पोचा, तुझ्या नवऱ्यानं ठोकून काढून दिला होता. मग पायऱ्यांवरून पडून फुटलं नाही ते कमरेवरून पडून का फुटलं? मधे काय झालं? मधे एक बाई जेवली, हे सगळ्यांना दिसतं. मधे मामंजींनी ते भाजलं आणि राखेत निजवलं, हे कुणाला दिसत नाही. मी तुझ्या नवऱ्याला तुकडे दाखवले, त्यानं कड बघितली आणि पटकन म्हणाला, कुनी भाजलं वो ह्ये? म्हटलं, चला, हेच मामंजींपुढे बोला. तर तुकडे परत माझ्या हातात दिले. आळीतली सगळी भांडी मामंजींच्या शब्दावर तुमच्याकडे येतात, मला माहीत आहे. ह्यांना सांगितलं, हे म्हणाले, असेलही, पण नानांना कोण सांगणार. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे आणि सांगणारी मी एकटी, आणि मी सांगितलं तर काय? बाईमाणूस, ती स्वतः वाढणारी, ती सारवासारव करणारच. म्हणून मी वर्षभर तोंड उघडलं नाही.

पण आता प्रेमला पुन्हा आलीय. दिवस भरलेत. आणि परवा लंकाबाई हात लावून बघून गेली, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाली, 'आडवं हाय बाई. माज्या हाताचं न्हाई ह्ये.' आडवं. मूल पोटात आडवं, कळतंय ना तुला? मी मामंजींच्या पाया पडले, गोजरबाई. पाया पडून सांगितलं, एस्तेरबाईला येऊ द्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं, आणि ते म्हणाले, ताटानं जे सांगितलं ते विसरून मी पोरीचं वाईट कसं करू? म्हणजे त्यांच्या मनात ते तिला वाचवतायत. ह्याला काय करशील तू? रडशील? मी नाही रडले.

हात का थांबला तुझा? भर. — बरं, सांगते, कळलंच असेल तुला, कासाराची पोर आहेस, मघापासून राखेकडे बघतेयस. हो. राखुंडी बिखुंडी काही नाही. त्यात मामंजींचं ताट आहे. त्यांचं स्वतःचं. ज्यात दुसरं कुणी कधी जेवलेलं नाही, ज्याला मी सुद्धा सोवळ्यात असल्याशिवाय हात लावत नाही. काल ते गावाबाहेर पडले आणि मी गोवऱ्या रचल्या. अगदी त्यांनी रचल्या तशा. लाल केलं, आणि राखेत राहू दिलं, घाई केली नाही. आज दुपारी ते जेवायला बसतील, मी ह्याच ताटात वाढायला घेईन आणि हातातून सोडेन. कमरेवरूनच. फुटेल. सगळे बघतील. मग मी विचारणार आहे, मामंजी, ह्यात कोण जेवलं होतं? तुम्हीच ना? मग हे कुणाच्या विटाळानं फुटलं? बस. एवढंच विचारायचंय मला. मग त्यांच्याच तोंडून बोलावणं गेलं पाहिजे एस्तेरबाईला. मी परभारे आणली तर ते दारात आडवे पडतील, आणि हे त्यांच्या शेजारी. तसं नको. त्यांनी हो म्हटलं पाहिजे.

पाप? कसलं पाप? त्यांनी माझं भाजलं ते पुण्य आणि मी त्यांचं भाजलं ते पाप? काय म्हणतेस — फुटणारच नाही? शास्त्रीबुवांच्या जपानं पावन झालेलं ताट, ते नाही फुटायचं? गोजरबाई, तू बोलतेयस हे? मच्छिंद्रकाकांची मुलगी? म्हणजे ओट्यावर जे बोललीस ते पोटासाठी नव्हतं, मनातच होतं तुझ्या? थांब. हात सोड माझा. सोड म्हणते ना. हे बघ, राख अजून कोमट आहे, हे बघ ताट, ओळखलंस ना, मधे कमळ आहे, त्यांचंच. काळं पडलंय नुसतं, तडा नाही, चीर नाही, हात फिरवून बघ. बघितलंस? आता हा धुण्याचा दगड आणि ही माझी कंबर. नीट बघ हं, मी जोर लावत नाही—

—ऐकलंस?

चार झाले. माझ्याचे तीनच झाले होते. उचलू नकोस, राहू दे तसेच. आता सांग, ह्यात कोण जेवलं होतं?

पुन्हा मोजतेस काय, चारच आहेत. — आणि मीही बघ कशी. दुपारसाठी ठेवलं होतं, त्यांच्यापुढे सोडायचं होतं, आणि तुझ्यापुढे सोडून बसले. एवढं वर्षभर तोंड दाबून बसले आणि तुझ्या एका शब्दानं डोकं फिरलं. आता दुपारी काय दाखवू, तुकडे? तुकडे बघून म्हणतील, सुनेनं रागानं फोडलं, आणि ते खोटं तरी कुठं आहे? तू सांगशील त्यांना? तू बघितलंस की. तू सांग, शास्त्रीबुवा, माझ्यासमोर पडलं, कमरेवरून पडलं, माझे वडील असंच म्हणायचे. सांगशील? … नाही. बरं. मान हलवतेस तीही आडवीच. नको सांगूस, तुझी चार पोरं आहेत, मला कळतं, मी नाही रागावले—

थांब. ऐकू आलं? हो, प्रेमलाच कण्हतेय. झोप लागलीय म्हटलं ना मी तुला, झोप कसली, पहाटेपासून कळा येतायत तिला. बारीक होत्या. मी म्हटलं, वेळ आहे, दुपारपर्यंत निभेल, मामंजी येतील, ताट फुटेल, ते हो म्हणतील, मग बोलावू. हे असं सगळं मनात बसवून ठेवलं होतं मी, आणि पोर आत ओठ चावून पडली होती, मीच तिला सांगितलं होतं, ओरडू नकोस, थोडी कळ काढ. हे ऐक. आता नाही दम धरवत तिला.

आले गं, प्रेमला, आले, इथंच आहे मी.

ऊठ. टोपली राहू दे इथं. राहिलेल्या बांगड्या नकोत, हात असाच राहू दे. नीट ऐक आता. मिशनच्या दवाखान्यात जा, एस्तेरबाईला माझं नाव सांग, विजयाबाईंनी बोलावलंय म्हण, आडवं आहे, असेल तशी ये. मामंजींनी बोलावलंय असं खोटं सांगू नकोस, तिला खरं सांग, दारात म्हातारा आडवा येईल हेही सांग, तरी ती येईल, मला माहीत आहे ती. मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं आण, चारचौघांच्या देखत. आळीत कुणी विचारलं तर सांग खुशाल, शास्त्र्यांची सून बोलावतेय. ताट मीच फोडलं, तेही सांग. का फुटलं ते नको सांगूस, ते मला आता कुणाला पटवायचं नाहीय. पटो न पटो, ती बाई ह्या उंबऱ्याच्या आत येणार. मामंजी आले तर मी आहे दारात उभी.

रडतेस काय, रडायला कुणाला वेळ आहे इथं. मामंजींपुढे तोंड उघडू नकोस म्हटलं ना, नको उघडूस. पाय उचल. जा.